परतीची तिकिटं

शुक्रवारी दुपारी पावणेचार वाजता भयसम्राटाच्या एकतिसाव्या कादंबरीतला शेवटचा शब्द कागदावरून नाहीसा झाला, आणि चाळणीने आवक-जावक रजिस्टरात 'सूड पूर्ण' अशी नोंद करून खाली सही ठोकली.

असं काहीही घडलेलं नाही. प्रकाशनसंस्थेचं तसं ठाम म्हणणं आहे. अशी कादंबरी आमच्याकडे आलीच नव्हती, आली असलीच तर कोरी आली असेल, आणि रजिस्टरातलं ते पान उंदराने खाल्लं. त्या कार्यालयात उंदीर नाहीत. पण संस्था म्हणते तर असतील. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरू आणि सोमवारपासून सुरुवात करू.

चाळणी हे तिचं कार्यालयातलं नाव. फर्निचरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनला खेटून तिचं टेबल होतं. तिथे बसून ती आलेली हस्तलिखितं वाचायची. शंभर ओतली तर दोन खाली पडत, बाकीची वर अडकत. वय अठ्ठावीस, चष्मा जाड, आणि मत विचारलं नसतानाही तयार.

प्रत्येक हस्तलिखिताला ती एक गुलाबी वाचनचिठ्ठी टाचायची. चिठ्ठीत चार रकाने: पान, मजकूर, कशासारखा, काय करावं. चौथ्या रकान्यात ती बहुतेक वेळा 'गाळावा' असं लिहायची. ह्या एका शब्दावर तिचा पगार चालला होता.

सोमवारी सकाळी संपादकांनी तीनशे बारा पानांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

"भयसम्राटांची नवीन कादंबरी. पुढच्या सोमवारी छपाईला जायचीय. नुसती नजर टाक."

"वाचायची की बघायची?"

"बघितल्यासारखं वाच. दहा हजारांची आवृत्ती आहे, नाक खुपसू नकोस."

तिने पेन्सिलीला टोक केलं आणि नाक खुपसलं.

चाळिसाव्या पानापर्यंत चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली. एक कुटुंब धरणाशेजारच्या घरात राहायला येतं. दार आपोआप करकरतं. असल्या कादंबऱ्यांच्या जगात वंगणावर बंदी असावी. म्हातारा रखवालदार म्हणतो, "तिकडच्या खोलीत जाऊ नका," आणि लगेच तिकडच्याच खोलीची किल्ली हातात देतो. आरशात कोणीतरी दिसतं. कुत्रा भुंकतो, मग भुंकत नाही. तळघरात बाहुली सापडते, आणि सुशिक्षित आईवडील ती लेकीला खेळायला देतात. तिसऱ्या रकान्यात चाळणीने एवढ्या वेळा 'इतर अनेक' लिहिलं, की शेवटी नुसत्या वरच्यासारख्या खुणा काढत सुटली. शिळ्या कढीला ऊत आणायलाही आधी चूल पेटवावी लागते. ह्या गृहस्थांनी नुसतं भांडं आपटलं होतं.

मग एक्केचाळिसावं पान आलं.

'दोरीवरची चादर कडक वाळली होती. फक्त मधोमध एक ओला आकार होता. डोकं, खांदे, खाली लोंबणारे दोन हात. चादरीमागे जाऊन पाहिलं तर कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरी चादर वाळत घातली. आकार तोच. आता एक हात वर होता.'

चाळणीची पेन्सिल थांबली. तिसऱ्या रकान्यात लिहायला तिच्याकडे काहीच नव्हतं. हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिने ते ऐकलं होतं.

ती सहा वर्षांची असताना गोवराने पडली होती. मावशी उशाशी बसून गोष्टी सांगायची. आई आतून ओरडायची, "ताई, तिला असलं काहीबाही सांगू नकोस गं!" मावशी आवाज खाली करायची आणि गोष्ट संपली की दर वेळी एकच वाक्य म्हणायची: "ही गोष्ट आता आपल्याकडे नाही हं. पाठवून दिलीय."

एकशे अठराव्या पानावर दुसरी गोष्ट निघाली. एका मुलीला कोणी हाक मारली की ती तोंड उघडायच्या आत दुसऱ्या खोलीतून तिच्याच आवाजात ओ येते. दोनशे तिसऱ्या पानावर तिसरी. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची रोज बोटभर वळते. गठ्ठा संपेपर्यंत नऊ निघाल्या. दुनियेकडून उचललेल्या मालाच्या ढिगाऱ्यात तिच्या घरच्या नऊ वस्तू.

मावशीला जाऊन दोन वर्षं झाली होती. आयुष्यभर ती एका दवाखान्यात केसपेपर लिहीत राहिली, आणि तिची एक ओळ कधी कुठे छापून आली नाही. मागे राहिला तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्या संध्याकाळी चाळणीने तो उघडला. आत नऊ चिठ्ठ्या होत्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या. प्रत्येकीवर हिच्याच प्रकाशनसंस्थेचा जांभळा शिक्का: साभार परत. खाली हिरव्या शाईत: 'परतीची तिकिटं जोडलेली नाहीत. हस्तलिखित कार्यालयात आहे. एक महिन्यात घेऊन जावे.' आणि तेव्हाच्या उपसंपादकाची सही. ती सही चाळणीने सकाळीच पाहिली होती, कादंबरीच्या पहिल्या पानावर, थोडी जाड झालेली.

त्या काळी लेखक परतीच्या टपालाची तिकिटं सोबत जोडत. कच्च्यातला कच्चा कवीसुद्धा तेवढं करायचा. मावशीने नऊ वेळा जोडली नाहीत. दवाखान्यातली सोळा वर्षांची साधी पोरगी, तिला कोण सांगणार, असं चाळणीला वाटलं, आणि तिने डब्याचं झाकण आपटून लावलं.

"आई, मावशीच्या गोष्टी तुला आठवतात?"

आई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. तीस वर्षं परक्यांना 'थांबा, जोडून देते' म्हणण्यात गेलेली, त्यामुळे घरच्यांना थांबवायची सवय. "मला माझंच लहानपण आठवत नाही, तिच्या गोष्टी कुठल्या आठवणार? दहाव्या वर्षाआधीचं सगळं कोरं आहे. बरंच गेलं असेल, त्याशिवाय का विसरले?"

"ह्या घरात मावशीचं भूत आलं तर?"

"चपला बाहेर काढून ये म्हणावं. आत्ताच पुसलंय."

मंगळवारी चाळणी संपादकांच्या केबिनमध्ये उभी राहिली. "ह्यातला नऊ ठिकाणचा मजकूर चोरीचा आहे."

"पुरावा?"

"माझी मावशी."

"कुठे असते?"

"वारली."

"मग पुरावाही वारला," संपादक म्हणाले आणि नऊ चिठ्ठ्या, त्यांत गोष्टीचा एक शब्दही नाही म्हणून, तिच्याकडे परत सरकवल्या. तेवढ्यात दार उघडून भयसम्राट स्वतः आत आले.

बहात्तरीचा वाळलेला माणूस. डोळ्यांखाली काळं. बसण्याआधी त्यांनी केबिनमधली रिकामी खुर्ची बाहेर न्यायला लावली, मग भिंतीला पाठ टेकून बसले. चाळणीने सगळं तोंडावर सांगितलं. त्यांनी बिनसाखरेचा चहा ढवळला. साखर नसताना काय ढवळत होते, देव जाणे.

"मुली, भीती काय कुणाच्या बापाची असते?"

"बापाची नाही. मावशीची आहे."

त्यांचा चमचा थांबला. "नऊ पुडकी," ते हळूच म्हणाले. "तिकिटं नव्हती. मी महिनाभर वाट पाहिली, मग घरी नेली. नियमातच बसतं. पन्नास वर्षं माझ्या घरात होती ती. आता एकदा छापून लोकांत वाटली, की मी सुटलो."

"तिचं नाव घाला."

"सिद्ध कर," ते म्हणाले आणि संपादकांकडे बघून हसले. संपादकही हसले. चोर आणि कोतवाल एकाच कपात चहा पिताना तिने पहिल्यांदा पाहिले.

ती टेबलावर परतली. सर्वांत खालच्या खणात, संपलेल्या रिफिलींखाली, जुना शिक्का पडला होता. हल्ली नकार ईमेलने जायचे, त्यामुळे लाकडी मुठीवर धूळ बसली होती. शाईची गादी सुकली होती. तिने त्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकणभर पाणी ओतलं, शिक्का दाबला आणि एक्केचाळिसाव्या पानावर हाणला. साभार परत. चौथ्या रकान्यात आज तिने 'गाळावा' लिहिलं नाही. तिने लिहिलं: मूळ मालकास परत.

लहान मूल जिभेवर गोळी घोळवतं तसं हे वाक्य ती घरी जाईपर्यंत घोळवत होती.

बाल्कनीत आई दोरीवरच्या चादरीसमोर उभी होती. "हे बघ गं. सगळी वाळली, एवढंच राहिलं."

डोकं. खांदे. लोंबणारे हात. आकार लहान होता, आठेक वर्षांच्या मुलाएवढा. चाळणीच्या अंगावर काटा आला, पण त्या काट्याखाली तिला आनंदाची उकळी फुटली. मावशी परत आली होती. तिचं नेलेलं घ्यायला.

बुधवारी तिने गठ्ठा उघडला. एक्केचाळिसावं पान कोरं होतं. खोडलेलं नाही, पुसट नाही. दुकानातून आत्ता आणावं तसं कोरं. फक्त कोपऱ्यात पानाचा आकडा आणि मधोमध जांभळा शिक्का.

तिने ते उजेडात धरलं. वास घेतला. झेरॉक्सच्या काचेवर ठेवून प्रत काढली. प्रतही कोरीच आली. मग तिने दार ओढून घेतलं, बाह्या सरसावल्या आणि एकशे अठरावर शिक्का मारला. मग एकशे एकोणिसावर. त्याच्या पुढच्यावर. दर ठोक्याला ती पुटपुटत होती: हा घे. हा तुझ्या पहिल्या पुरस्काराचा. हा त्या हिरव्या शाईचा. हा तिच्या केसपेपरांचा.

संध्याकाळी कुलूप उघडून तिने सवयीने हाक मारली, "आई!"

"ओ," स्वयंपाकघरातून आवाज आला.

आई बाहेरच्या खोलीत, तिच्यासमोर, खिडकीशी बसली होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.



"तू पण ऐकलंस ना?" आई म्हणाली.

"मावशी असेल."

"ताईचा आवाज मला ओळखू येतो," आई म्हणाली. "हा माझा होता." चपला-बिपलांचा विनोद काही तिने केला नाही. "मला आज एक आठवलं. लहानपणी आमच्या घरात मला कोणी हाक मारत नसे. हात लावून बोलवायचे. का, ते आठवत नाही."

चाळणीने ऐकलं. पण सूड चढलेल्या माणसाला कान दोन असतात ते चष्मा अडकवायला. ती गुरुवारी पुन्हा कामावर गेली आणि दोनशे तीनवर शिक्का मारला.

गुरुवारी संध्याकाळी आई जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बाहेर काढत होती. चार खुर्च्यांपैकी तीन जिन्यात गेल्या. चौथी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"ही का ठेवलीस?"

"ही मी ठेवली नाही. ही हलत नाही."

चाळणीने ओढून पाहिली. प्लास्टिकची, एका हाताने उचलावी अशी खुर्ची. जागची हलली नाही. जमिनीवर तिच्या पायांनी उमटवलेल्या चार रेघा होत्या, बारीक, वळत गेलेल्या.

आता इथे एखाद्या शहाण्या मुलीने हात आखडता घेतला असता. चाळणीही थोडी शहाणी होतीच. ती पहाटे उठून विचार करत बसली. पण विचार करताना तिच्या हातात डब्यातली नववी चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर ती सही. अजून दीडशे पानं बाकी होती. अर्धा सूड कोण घेतं? अर्धा सूड म्हणजे नुसताच अपमान, तोही आपला.

शुक्रवारी ती नऊ वाजताच आली. जेवायला उठली नाही. दुनियेकडून उचललेलं करकरणारं दार, रखवालदार, बाहुली, सगळ्यांवर तिने शिक्का मारला. ते कुणाकडे परत गेले असतील ती त्या बिचाऱ्यांची डोकेदुखी. मनगट सुजलं. शेवटी तिने पहिलं पान घेतलं, जिथे मोठ्या टायपात भयसम्राटाचं नाव होतं, आणि नावावर शिक्का दाबून धरला. अक्षरं समोर फिकी झाली. शेवटचं गेलं तेव्हा घड्याळात पावणेचार वाजले होते.

चार वाजता भयसम्राट आले. ती तयारच होती. तिला त्यांचा चेहरा बघायचा होता. पाच दिवस ती त्यासाठीच जगली होती.

चेहरा गुलाबी होता. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. ते रिकाम्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून, ऐसपैस बसले.

"तीन दिवस झोपलो," ते म्हणाले. "फोन केला तर लोक म्हणतात माझी काहीतरी कादंबरी आहे तुमच्याकडे. माझी? मला तर कधी काही लिहिल्याचं आठवत नाही. पण इथे यावंसं वाटलं. तुम्हाला धन्यवाद द्यायचेत असं वाटतंय. कशाबद्दल ते तुम्हीच सांगा."

चाळणीने कोरा गठ्ठा त्यांच्यापुढे ढकलला.

"वा," ते म्हणाले. "चांगला कागद आहे."

ती पर्स उचलून निघाली. लिफ्टपर्यंत चालली, तिथून धावली.

घर दिवसाउजेडी बंद होतं, सगळे पडदे ओढलेले. आई दाराशीच जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. अशी बसलेली आई तिने कधी पाहिली नव्हती. लहान मुलं बसतात तशी.

"हाक मारू नकोस," आई कुजबुजली. "हात लाव."

चाळणीने हात लावला. हात ओला झाला.

"सगळं आठवलं," आई म्हणाली. "त्या ताईच्या गोष्टी नव्हत्याच गं. माझं होतं ते. मी आठ वर्षांची होते. चादर, ओ देणारी, खुर्ची. नऊच्या नऊ माझ्या मागे लागल्या होत्या. ताईने एक गोष्ट लिहून काढली की एक थांबायची. पण लिहिलेलं घराबाहेर गेलं तरच. घरात वही असली की पुन्हा सुरू. मग ती पोस्टात टाकायला लागली."

"आई—"

"मी तिला विचारलं होतं. सगळे परतीची तिकिटं लावतात, तू का लावत नाहीस? मला म्हणाली, वेडे, परत यायला नको म्हणूनच तर पाठवतेय."

आतल्या खोलीत खुर्ची बोटभर सरकली.

चाळणीने वही काढली. मावशीने केलं ते आपणही करू. ती लिहायला बसली. दोरीवरची चादर, असं लिहिलं. वाचलं. मावशीसारखं होतं. खोडलं. पुन्हा लिहिलं. भयसम्राटासारखं झालं. सहा पानं फाडली. एवढी वर्षं दुसऱ्यांचं गाळून गाळून तिच्या हातात स्वतःचं एक वाक्य उरलं नव्हतं.

शनिवारी ती भयसम्राटाच्या घरी गेली. त्यांनी पाय धुवायला पाणी द्यावं इतक्या प्रेमाने आत घेतलं. ते कुंड्यांत माती भरत होते. तिने सगळं सांगितलं, हात जोडले, रडली. ते ऐकून त्यांना फार वाईट वाटलं.

"पण मी का चोरू?" ते म्हणाले. "मला कुठे काय हवंय?"

रविवारी तिने अर्ज लिहिला. तो तिने संस्थेमार्फत रीतसर पाठवला. संस्थेत असे अर्ज वाचायचं काम तिच्याकडेच आहे, आणि सोमवारपासून ती रजेवर आहे.

प्रति,
माननीय भयसम्राट (निवृत्त),
संपादकांमार्फत.

विषय: मजकूर पुन्हा उचलून नेण्याबाबत.

महोदय,

आपण माझ्या मावशीची नऊ हस्तलिखितं परस्पर घरी नेल्याबद्दलची माझी तक्रार मी बिनशर्त मागे घेत आहे. आपला नियम बरोबर होता. सोबत तीनशे बारा कोरी पानं जोडली आहेत. तरी सदर मजकूर आपण आमच्या घरून पुन्हा चोरून न्यावा, त्यावर आपलंच नाव घालावं, आणि मावशीचा उल्लेख कुठेही करू नये. आम्ही हरकत घेणार नाही, तसं लेखी देत आहोत.

दार उघडंच असेल. येण्यापूर्वी कळवण्याची आवश्यकता नाही. मात्र कृपया दुपारी दोन ते चार याच वेळेत यावं, ही नम्र विनंती. त्या वेळेत आमच्या घरी आई एकच असते.